संध्याकाळीच दम सोडणारा एसी: थर्मोस्टॅट शोधण्याआधी बाहेरचा पंखा बघा

नमस्कार,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात माझी काही चूक झाली असेल तर लगेच दिसेल. घर सांगलीत कुपवाड रस्त्याला, खोली वरच्या मजल्यावरची. दीड टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट एसी, पाच वर्षं वापरातला, गॅस आर-३२. गेल्या दिवाळीत बाहेरचं युनिट गॅलरीतून गच्चीवर नेलं, तेव्हा पाइप आणि वायर दोन्ही जोड देऊन वाढवले. एप्रिलपासून दुपारी खोली व्यवस्थित गार होते, पण संध्याकाळी सात-साडेसातनंतर आत नुसता वारा येतो, गारवा नाही. वीसेक मिनिटांनी आपोआप गार हवा येऊ लागते, थोड्या वेळाने पुन्हा तेच. रात्री अकरानंतर सुरळीत. एका मेकॅनिकने गॅस कमी आहे म्हणून भरला, फरक पडला नाही. दुसरा म्हणतो पीसीबी, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेलं. तुम्ही व्हिडिओ बघून थर्मोस्टॅटच्या आर, वाय, जी, सी अशा वायरी शोधल्या, त्या मिळाल्या नाहीत. बाहेरच्या युनिटला चार वायरी जातात. आता विचारताय की थर्मोस्टॅट कुठे असतो आणि तो बायपास करून बघू का.

बायपास करू नका. त्याचं कारण पुढे येईलच. आधी प्रश्न थोडा फिरवून घेऊ. ‘थर्मोस्टॅट बिघडला का’ याऐवजी ‘कंप्रेसर कोण थांबवतंय’ असं विचारा. साध्या स्प्लिटमध्ये ते तीनच जण करू शकतात. एक, आतलं बोर्ड: सेन्सरचं वाचन बघून ते कंप्रेसरची फेज तोडतं. दोन, कंप्रेसरच्या डोक्यावर बसवलेला ओव्हरलोड, ज्याला सगळे ओएलपी म्हणतात: कंप्रेसर जास्त तापला किंवा जास्त प्रवाह ओढू लागला की त्याची वीज तोडणारा संरक्षक स्विच. तीन, वाटेतली वायर: वीज पोचतच नाही किंवा अर्धवट पोचते. गॅस आणि पीसीबी ही दोन नावं यातलं नेमकं कोण, हे ठरवण्याआधीच तुमच्यासमोर आली आहेत.

हे ठरवायला सुरुवातीला कुठलंही झाकण उघडावं लागत नाही. आज संध्याकाळी गार हवा बंद झाली की लगेच गच्चीवर जा आणि बाहेरचा पंखा फिरतोय का ते बघा. बहुतेक साध्या स्प्लिटमध्ये आतलं बोर्ड कंप्रेसरला फेज देतं तेव्हाच बाहेरच्या पंख्यालाही देतं. म्हणून पंखा फिरतोय आणि कंप्रेसर मात्र गप्प असेल, तर आतून हुकूम आलेला आहे. सेन्सर, बोर्ड, रिले (बोर्डावरचा, कंप्रेसरची फेज जोडणारा-तोडणारा स्विच), रिमोट या सगळ्यांवरचा संशय बऱ्याच अंशी उठतो आणि दोष कंप्रेसरच्या बाजूला सरकतो. पंखा आणि कंप्रेसर दोन्ही बंद असतील, तर एक तर आतून हुकूमच गेला नाही किंवा वाटेत वायर तुटते आहे. इथे एक अपवाद ठेवतो. काही मॉडेलमध्ये पंख्याला वेगळा रिले असतो आणि काहींत पंखा कंप्रेसर थांबल्यावरही थोडा वेळ चालतो, म्हणून दोन-तीन मिनिटं थांबून बघा.

गच्चीवर गेलाच आहात तर कान आणि घड्याळही वापरा. ‘ऊं...’ असा दबका घुमण्याचा आवाज काही सेकंद येऊन मग ‘टक्’ वाजत असेल, तर कंप्रेसर उठायचा प्रयत्न करतोय, त्याला उठता येत नाही आणि ओएलपी त्याला तोडतोय. नीट चालता चालता अचानक शांत होत असेल, तर चालताना तो जास्त तापतोय. मग पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. बोर्डाने तोडलं असेल तर परत जोडण्याआधी साधारण तीन मिनिटांचा ठरलेला विराम असतो. तेवढ्यात पाइपमधला दाब समान होतो आणि कंप्रेसरला हलकेच उठता येतं. ओएलपी मात्र कंप्रेसरचं लोखंड निवल्याशिवाय जुळत नाही. त्याला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात, कडक उन्हात अर्धा-पाऊण तासही. तुमचं ‘वीसेक मिनिटं’ ओएलपीकडे बोट दाखवतं. म्हणून पंखा फिरताना दिसेल असं मी धरून चालतो. तसं नसेल तर सेन्सरचा भाग पुढे आहे.

आता गॅसचं. गॅस कमी असता तर एसी भर दुपारी, ३८-४० अंशांत सगळ्यात आधी हरला असता. गॅसला घड्याळ कळत नाही. दोनला गार करणारा आणि साडेसातला हात टेकणारा एसी बघितला की दोन आणि साडेसात यांच्यात काय बदललं हे शोधायचं. संध्याकाळी बाहेरची हवा दुपारपेक्षा निवलेली असते, म्हणजे खरं तर एसीचं काम हलकं झालेलं असतं. बदलतं ते व्होल्टेज. दिवे, टीव्ही, पाण्याच्या मोटारी, घरोघरचे एसी एकाच वेळी चालू होतात आणि ट्रान्सफॉर्मरवरचा भार वाढतो. अकरानंतर भार उतरतो, तुमचा एसीही तेव्हाच सुधारतो. ही वेळ जुळणं मला तरी योगायोग वाटत नाही.

पण दोष फक्त महावितरणच्या व्होल्टेजवर टाकू नका. शेजारचे एसी संध्याकाळी चालत असतील तर तुमच्याकडे आणखी काहीतरी आहे, आणि माझा पहिला संशय दिवाळीत दिलेल्या वायरच्या जोडावर आहे. तो का, ते आकड्यांत बघू, कारण आकड्यांशिवाय ही गोष्ट पटत नाही.

दीड टनाचा साधा कंप्रेसर चालताना साधारण ७ ते ८ अँपिअर घेतो. उठताना मात्र क्षणभर त्याच्या चार ते सहा पट, ४० अँपिअर धरा. हाताने पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड उन्हापावसात सहा महिने राहिला की त्याचा रोध अर्धा ओमसुद्धा होऊ शकतो. ४० अँपिअर गुणिले अर्धा ओम म्हणजे २० व्होल्ट त्या जोडातच गेले. एसीच्या स्विचबोर्डापासून गच्चीपर्यंत २० मीटर अंतर आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल, तर जाऊन-येऊन ४० मीटरचा रोध साधारण ०.३ ओम, म्हणजे आणखी १२ व्होल्ट. दुपारी घरात २२८ व्होल्ट असतील तर उठण्याच्या क्षणी कंप्रेसरपाशी साधारण १९६ उरतात. संध्याकाळी घरातच १९५ असतील तर त्याच्याकडे १६३ पोचतात. मोटरचा उठण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० ला जेवढा जोर, त्याच्या ७३ टक्के १९६ ला मिळतो आणि १६३ ला फक्त ५० टक्के. हा हिशोब ढोबळ आहे, पण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. जोड दिवसभर खराबच असतो. दुपारी कंप्रेसर त्याला पुरून उरतो, संध्याकाळी उरत नाही. म्हणूनच दुपारी येऊन तपासणाऱ्या मेकॅनिकला काही सापडत नाही.

त्याच जोडाची दुसरी बाजू धोक्याची आहे. चालताना ८ अँपिअरचा वर्ग गुणिले अर्धा ओम म्हणजे ३२ वॅट उष्णता. दुकानात मिळणारं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. त्याहून जास्त ताप टेपच्या आत, प्लास्टिकला चिकटून, तासन्तास. वायर काळी पडते, रोध आणखी वाढतो, ताप आणखी वाढतो. म्हणून जोड तपासणं हे संध्याकाळच्या गारव्यापेक्षाही आधीचं काम समजा. एमसीबी पाडून, प्लग असेल तर काढून, दहा मिनिटं थांबून जोडावरची टेप बघा. ती वितळलेली, कडक झालेली किंवा तपकिरी दिसली तर दुरुस्ती होईपर्यंत एसी लावू नका.

दुरुस्ती म्हणजे नवीन टेप नव्हे. आतल्या युनिटपासून बाहेरच्या युनिटपर्यंत एकसंध, विनाजोड वायर ओढायची. तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची, चार कोअरची, वरून जाड आवरण असलेली. गच्चीवरचा भाग पाइपात घ्या, उन्हाने आवरण तडकतं. टोकांना थिंबल, म्हणजे धातूच्या टोप्या, दाबून बसवा, स्क्रू घट्ट आवळा. तांब्याला कुठेही ॲल्युमिनिअमची वायर जोडू देऊ नका, त्या जोडात गंज धरतो आणि तो सैल होतो. जोड टाळताच येत नसेल तर पाणी न शिरणाऱ्या डब्यात कनेक्टर पट्टीवर करा, पिळून नव्हे. अर्थिंगची वायरही अखंड हवी. गच्चीवरच्या लोखंडी युनिटला पावसाळ्यात घरातलं कुणीही हात लावतं.

व्होल्टेज कसं मोजायचं ते नीट सांगतो, कारण ‘व्होल्टेज चेक केलं, ठीक आहे’ एवढ्याने काही ठरत नाही. वेळ महत्त्वाची, जागा महत्त्वाची आणि भार चालू आहे की नाही हेही महत्त्वाचं. एसी बंद असताना मोजलेलं व्होल्टेज सैल जोडातूनही पूर्ण दिसतं, कारण प्रवाह नसेल तर जोडात काही पडत नाही. घरातल्या सॉकेटमध्ये लावायचा डिजिटल व्होल्टमीटर स्वस्तात मिळतो. एसीच्या स्विचबोर्डावर दुसरं सॉकेट असेल तर तो तिथे लावा आणि दोन दिवस लिहून ठेवा: दुपारी दोनला, संध्याकाळी साडेसातला आणि रात्री साडेअकराला, प्रत्येक वेळी एसी बंद असताना, कंप्रेसर उठतो त्या क्षणी आणि चालू असताना. एवढं तुम्ही स्वतः करू शकता.

बाकीच्या दोन जागा वायरमनने मोजायच्या: मीटरजवळच्या मेन स्विचवर आणि बाहेरच्या युनिटच्या टर्मिनलवर. कंप्रेसर उठतो त्या क्षणी मेनवरच १८५ असेल तर दुखणं पुरवठ्याचं आहे. मेनवर २२० आणि एसीच्या सॉकेटवर २०० असेल तर घरातलं वायरिंग बारीक आहे किंवा एमसीबीचा, सॉकेटचा स्क्रू सैल आहे. सॉकेटवर २१८ आणि बाहेरच्या टर्मिनलवर १९५ असेल तर तो तुमचा जोड. या तीन आकड्यांत उत्तर असतं, त्यासाठी एकही भाग बदलावा लागत नाही. साधा कंप्रेसर सतत २०० च्या खाली चालवणं मला योग्य वाटत नाही. तो तेवढंच काम करायला जास्त प्रवाह ओढतो, वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापतं, आणि ओएलपी रोज संध्याकाळी तुटत राहिला की एक दिवस तोच थकतो.

मेनवरचं व्होल्टेज कमी निघालं तर दोन-तीन दिवसांची टिपणं घेऊन महावितरणच्या १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवा. नुसतं ‘व्होल्टेज डाउन आहे’ म्हणण्यापेक्षा वेळ आणि आकडा दिला की तक्रारीला वजन येतं. गल्लीतली आणखी चार घरं त्याच फेजवर असतील तर सगळ्यांनी मिळून द्या. आणि एक गोष्ट आवर्जून: घरात तीन फेज असतील आणि एसी उठताना काही दिवे मंद, काही एकदम प्रखर होत असतील, तर मेन पाडा आणि वायरमनला बोलवा. ते न्यूट्रल सैल झाल्याचं लक्षण आहे, टीव्ही-फ्रिज काही मिनिटांत जळू शकतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांचे मीटरबोर्ड पाण्यात गेले होते, त्यांनी न्यूट्रलची पट्टी आणि तिचे स्क्रू एकदा उघडून बघितलेच पाहिजेत. वरून स्वच्छ दिसणाऱ्या पट्टीखाली गंज राहतो.

स्टॅबिलायझर लावू का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा सल्ला तुम्हाला तोच मिळणार आहे. दीड टनाला ४ केव्हीएचा, तुमच्या नोंदीतल्या सगळ्यात खालच्या आकड्याहूनही खाली काम करणारा घ्या. तीन मिनिटांचा विराम त्यात हवाच. मात्र स्टॅबिलायझर एसीच्या आधी बसतो आणि तुमचा जोड आतल्या युनिटच्या पुढे आहे. जोडात पडणारं व्होल्टेज तो भरून काढणार नाही. शिवाय १८० चे २३० करताना तो मागून ८ ऐवजी १० अँपिअरच्या वर ओढतो, म्हणजे घरातली बारीक वायर आणखी तापते. म्हणून आधी वायर आणि जोड, मग स्टॅबिलायझर.

पंखा फिरतोय, व्होल्टेज तिन्ही ठिकाणी बरं आहे, तरी ‘ऊं... टक्’ चालूच आहे, असं असेल तर कपॅसिटर, म्हणजे कंप्रेसरला उठताना जोर देणारा भाग. आपल्याकडे बरेच जण त्याला कंडेन्सर म्हणतात आणि बाहेरच्या जाळीलाही कंडेन्सरच म्हणतात, त्यामुळे बिलावर काय लिहिलंय ते विचारून घ्या. दीड टनाच्या कंप्रेसरला साधारण ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा असतो. नेमका आकडा त्याच्या अंगावर छापलेला असतो, बहुतेक पाच टक्के कमी-जास्त चालेल असं लिहून. छापील ४५ असेल आणि मीटर ४३ च्या खाली दाखवत असेल तर बदला. डोकं फुगलेलं किंवा तेल झिरपलेलं दिसलं तर मोजतही बसू नका. नवीन तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, शक्यतो ४४० व्होल्टचा. ‘जरा मोठा टाकू, जोर येईल’ हे ऐकू नका, वाइंडिंगमधून नको इतका प्रवाह जातो. तीन टर्मिनलचा एकत्र कपॅसिटर असेल तर सी म्हणजे सामाईक, हर्म म्हणजे कंप्रेसर आणि फॅन म्हणजे पंखा. काढण्याआधी फोटो घ्या. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला असू शकतो. १० ते २० किलोओमचा, काही वॅटचा रेझिस्टर काही सेकंद दोन टोकांना धरून तो रिकामा करतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करणारा मेकॅनिक असेल तर त्याला थांबवा.

चालता चालता थांबत असेल तर बाहेरच्या जाळीकडे बघा. तुमचं युनिट दिवाळीपासून गच्चीवर आहे, म्हणजे उसाचा अख्खा गळीत हंगाम त्याने अंगावर घेतलाय. जळालेल्या पाचटाची काळी पिसं इथल्या गच्च्यांवर पडतात हे तुम्हाला सांगायला नको. ती जाळीच्या मागच्या बाजूला चिकटतात, वरून धूळ बसते आणि हवा आत शिरत नाही. उष्णता बाहेर पडली नाही की दाब वाढतो, दाब वाढला की अँपिअर वाढतात आणि ओएलपी तुटतो. वीज पूर्ण बंद करून, शक्य असेल तर आतून बाहेर अशा दिशेने, साध्या नळीच्या हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरच्या दाबाच्या पाण्याने पत्र्याच्या पात्या आडव्या होतात. विजेच्या डब्यावर पाणी जाऊ देऊ नका. युनिट कठड्याला चिकटवलं असेल तर मागे किमान फूटभर जागा करा आणि पुढची हवा कठड्याला आपटून परत येत नाही ना ते बघा.

इथेच तो भरलेला गॅस पुन्हा येतो. आधीचा गॅस पुरेसा असताना वरून आणखी भरला गेला असेल तर दाब आणि अँपिअर दोन्ही वाढतात, म्हणजे संध्याकाळचा त्रास वाढतो. आर-३२ वजन करून भरायचा असतो. किती ग्रॅम हे बाहेरच्या युनिटच्या पाटीवर असतं, आणि पाइप वाढवला असेल तर मीटरमागे किती ग्रॅम जास्त हे कंपनीच्या पुस्तिकेत. तुमच्याकडे वजनकाटा आणला होता का? नुसत्या दाबाच्या गेजवर भरला असेल तर मी त्या आकड्यावर विसंबणार नाही. खात्री करायची रीत अशी: आहे तो गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, नायट्रोजन भरून जोड तपासायचे, पंपाने व्हॅक्यूम करायचा आणि पाटीवरच्या वजनाने नव्याने भरायचा. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. गॅस आत असताना पाइपला झाळकामाची ज्योत लावू देऊ नका. पण हा सगळा खर्च वायर, व्होल्टेज, कपॅसिटर आणि जाळी यांच्यानंतरचा. वायरीभोवती अडकवून अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर लावला की जास्त गॅसची चाहूल लागते: व्होल्टेज बरं, जाळी स्वच्छ, आणि तरीही अँपिअर पाटीवरच्या आकड्याच्या वर.

हे सगळं बरं निघालं तरच कंप्रेसरच्या वाइंडिंगचा विचार. कंप्रेसरची तीन टोकं असतात: सी सामाईक, आर चालण्याचं, एस उठण्याचं. सी आणि आर यांच्यात सगळ्यात कमी ओम, सी आणि एस यांच्यात त्याहून जास्त, आणि आर-एसमध्ये त्या दोघांची बेरीज यायला हवी. कुठल्याही टोकापासून लोखंडी अंगापर्यंत काहीही दिसता कामा नये. कंप्रेसर गरम असताना सी उघडं दाखवत असेल तर घाबरू नका, आतला ओएलपी तुटलेला असू शकतो. निवल्यावर पुन्हा मोजायला सांगा.

आता दुसरी शक्यता: बाहेरचा पंखाही बंद. मग तुमचा थर्मोस्टॅटचा प्रश्न खरोखर उभा राहतो. स्प्लिटमध्ये भिंतीवर थर्मोस्टॅट नसतो. त्याचं काम दोन छोटे सेन्सर आणि बोर्ड मिळून करतात. खोलीचा सेन्सर फिल्टर काढल्यावर कूलिंग कॉइलसमोर प्लास्टिकच्या चिमट्यात अडकवलेला दिसतो, दोन बारीक वायरींना मण्यासारखा. दुसरा कॉइलच्या तांब्याच्या नळीला खोबणीत बसवलेला असतो. दोघांचा नियम एकच: गार झाले की रोध वाढतो, तापले की कमी होतो.

सगळ्यात जास्त भेटणारी गोष्ट बिघाडाची नाहीच. सर्व्हिसिंगच्या वेळी खोलीचा सेन्सर चिमट्यातून निसटतो आणि कॉइलला टेकतो. मग तो खोलीचं नव्हे, कॉइलचं तापमान सांगतो. बोर्डाला वाटतं खोली गार झाली आणि पाच मिनिटांत कंप्रेसर बंद. तो परत चिमट्यात बसवला की काम झालं. दुसरी गोष्ट कनेक्टरची. त्यात हिरवट गंज धरला की रोध वाढतो, बोर्डाला खोली आहे त्यापेक्षा गार वाटते. धुताना पाणी शिरलं की उलट होतं, खोली गरम वाटत राहते आणि कंप्रेसर थांबतच नाही. काही रिमोटमध्येही सेन्सर असतो आणि एखादं बटण दाबलं गेलं की एसी रिमोटजवळचं तापमान धरतो. रिमोट वाऱ्याच्या झोतात ठेवलेला असेल तर तेही बघा.

सेन्सर मोजायचा तर एसीची वीज बंद करून तो बोर्डावरून काढा. १० किलोओमच्या जातीचा असेल तर २५ अंशांना १०, २० अंशांना १२ च्या आसपास, ३० अंशांना साधारण ८ किलोओम दाखवेल. बर्फाच्या पाण्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून धरला तर ३० किलोओमच्या जवळपास जातो. ५ किलोओमची जातही असते, तिला हे आकडे साधारण निम्मे धरा. मुठीत धरल्यावर आकडा सावकाश, न अडखळता उतरला पाहिजे. तो उड्या मारत असेल तर सेन्सर बदला. घेताना जात विचारून घ्या: १० च्या जागी ५ बसवला तर बोर्डाला खोली भट्टीसारखी वाटेल.

कॉइलचा सेन्सर कॉइल गोठायला लागली की कंप्रेसर थांबवतो. तो तसं करत असेल तर त्याला दोष देण्याआधी फिल्टर, ब्लोअरची पाती आणि गॅस बघा.

सेन्सर ठीक असतील तर रिले. आतून बारीक ‘टिक्’ आल्यावर आतल्या टर्मिनलवर न्यूट्रल आणि कंप्रेसरच्या फेजमध्ये पूर्ण व्होल्टेज यायला हवं. टिक् आली आणि तिथे काही नाही, तर रिलेचे पॉइंट जळालेत. तेवढा रिले बदलता येतो, पूर्ण पीसीबी लागत नाही. आतल्या टर्मिनलवर आहे आणि बाहेर नाही, तर वायर. दुसऱ्या मेकॅनिकच्या बाजूनेही एक सांगायला हवं. लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या धाटणीच्या बोर्डांत व्होल्टेज फार पडलं की रिलेची पकड सुटू शकते. पण तसं असेल तर एसी तीन-चार मिनिटांत परत उठेल, वीस नाही.

बायपास का नको, हे आता उलगडेल. सेन्सर किंवा रिले टाळून कंप्रेसरला थेट फेज दिली की तो कधीच थांबत नाही, कॉइलवर बर्फ चढतो आणि द्रवरूप गॅस कंप्रेसरमध्ये परत जाऊन त्याला फोडू शकतो. तीन मिनिटांचा विरामही जातो. वीज जाऊन लगेच आली की भरल्या दाबावर त्याला उठावं लागतं. ओएलपी बायपास केला तर वाइंडिंग जळेपर्यंत कुणी अडवणारच नाही.

त्या व्हिडिओतल्या वायरींबद्दल. त्या अमेरिकेतल्या डक्टच्या पद्धतीच्या आहेत. तिथे भिंतीवरचा थर्मोस्टॅट २४ व्होल्टवर चालतो: आर म्हणजे २४ व्होल्टचा पुरवठा, सी परतीची, वाय कंप्रेसरला, जी आतल्या ब्लोअरला. तुमच्या चार वायरींत बहुतेक न्यूट्रल, कंप्रेसरची फेज, पंख्याची फेज आणि अर्थिंग आहे, आणि ती फेज सरळ २३० व्होल्टची. तिथला हात तिथे चालतो, इथे जीव घेईल. शिवाय आपल्या युनिटमधल्या वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात. रंगावर जाऊ नका, टर्मिनलचा क्रमांक आणि झाकणाच्या आत चिकटवलेली आकृती बघा. कुणाच्या घरी इन्व्हर्टर एसी असेल तर तिथे चार वायरी वेगळ्या असतात: फेज, न्यूट्रल, सिग्नल आणि अर्थिंग. तिथे फेज-न्यूट्रल उलटे लागले किंवा सिग्नलच्या वायरीत कच्चा जोड असला की अनेक मॉडेल चालायलाच नकार देतात आणि एरर दाखवतात.

जुना विंडो एसी असलेल्यांसाठी एवढंच: त्यात मात्र खराखुरा गोल बटणाचा थर्मोस्टॅट असतो, त्याची बारीक नळी कॉइलसमोर परतीच्या हवेत असते आणि तो फक्त कंप्रेसरची फेज तोडतो. बदलताना न्यूट्रल त्यातून नेली तर बटण बंद असतानाही कंप्रेसरवर फेज राहते.

तर आज संध्याकाळी एवढंच करा. जोडाची टेप बघा, पण ते उजेड असताना आणि एमसीबी पाडून. ती ठीक असेल तरच एसी लावा. मग पंखा फिरतो का, आवाज कुठला येतो, किती मिनिटांनी परत उठतो आणि त्या वेळी सॉकेटवर किती व्होल्ट होते, हे लिहा. वायरमन आला की बाहेरच्या टर्मिनलवरचा आकडा संध्याकाळी साडेसातलाच घ्यायला सांगा, दुपारी नको. हे आकडे मला कळवलेत तर कपॅसिटरकडे जायचं की वायर ओढून पुरेल, ते नक्की सांगता येईल.